कोरा फिल्टर

फहाहीलमध्ये, एका बकाल्याच्या गच्चीवर,
पाण्याच्या टाकीला तारेनं बांधलाय माझा पंप.
शेजारी हारिसची कबुतरं.
पंप चोवीस तास हवा ओढतो,
तिच्यातलं काही सांडू देत नाही.

उन्हाळ्यात पहाटे चारला जावं लागतं,
तेवढाच वेळ पत्रा हाताला सोसतो.
चिमट्यानं चकती उचलते.
गेली तेव्हा खोबऱ्यासारखी पांढरी,
आली ती कडेला पांढरी, मध्ये काळी,
कुणी डोळे वटारल्यासारखी.

समोर रिफायनरीची ज्योत.
पहिल्या वर्षी व्हिडिओवर आईला दाखवली.
आई म्हणाली, होळी का गं?
अजून विझवली नाही?

आम्ही घुग्घूसचे.
दोरीवरचा सदरा झटकूनच आत यायचा
आणि आई त्यावर नुसतं बोट फिरवून सांगायची,
आज वारा खाणीकडचा होता.
माझं शिक्षण तिथंच झालं.
पुढची पंचवीस वर्षं फक्त उपकरणं बदलली.

तोलताना श्वास धरायचा, हे कुठं लिहिलेलं नाही.
पण तराजू इतका हळवा
की उच्छ्वासानंही आकडा हलतो.
म्हणून दार लावून घेते
आणि दुसऱ्यांच्या छातीत काय गेलं ते मोजताना
स्वतःची छाती थांबवते.

नजीर हमदुले, दाभोळचा.
एकोणीस वर्षं टाक्यांभोवती परांच्या बांधतो.
नळीत फुंकताना म्हटलं, गाल फुगवू नका,
सगळा दम एकदम सोडा, अजून, अजून, अजून.
पडद्यावर रेघ चढली
आणि अर्ध्यातच वाळूसारखी घसरली.
तोंड पुसून म्हणाला,
"आजवर सगल्यांनी दम धरायला शिकवलान, बाई.
सोडायला तुमीच सांगताव."
मग हळूच,
"आकडा लिवा. नाव नको.
इकामा मार्चात हाय."
माझ्या वहीत तो क-४१ झाला.

बैठकीत साहेब चांगले वागले, खजूर पुढे केले.
म्हणाले, धुळीचा मुलूख आहे, डॉक्टर,
धूळच लिहा ना.
धूळ आहेच, मी कुठं नाही म्हणते?
तोज येतो तेव्हा भर दुपारी दिवे लागतात.
सिलिकॉन, कॅल्शियम, सगळं वाळवंटाचं,
हजारो वर्षांचं, कुणाचं देणं न लागणारं.
पण व्हॅनेडियम वाळूत उगवत नाही, साहेब.
निकेलला पाय फुटत नाहीत.
ते धुरांड्यातून येतं,
आणि धुरांड्याला पत्ता असतो.

त्यांनी खजुराची बी कागदात नीट गुंडाळली.
वाक्य राहिलं.
परिशिष्टात, पान एकशे बारा.

दुसऱ्या फेरीला क-४१ आला नाही.
रकान्यात मी "अनुपस्थित" लिहिलं.
मे महिन्यात त्याचा निरोप आला, आवाजातला:
घरी हाय, मासली भेटते, हवा झकास हाय,
तुमच्या मशीनला सलाम.
एकोणचाळीस सेकंद.
त्यातले अकरा खोकल्याचे.
मोजायचे नाहीत असं ठरवून मोजले.

दर दहा फिल्टरांमागे एक कोरा न्यायचा असतो.
तोही गच्चीवर जातो,
त्याचीही डबी उघडते, मिटते,
फक्त पंपाला लावत नाहीत त्याला.
काहीही न ओढता
तो सगळ्यांबरोबर परत येतो.

आजचा तोलला. तीन मायक्रोग्रॅम जास्त.
लागतंच थोडं, हाताळण्यातून, जाण्यायेण्यातून.
नियम सोपा आहे:
कोऱ्याला जे चिकटलं
ते सगळ्यांतून वजा करायचं.

करतेय वजा.
एकेक आकडा थोडा थोडा हलका होतो.
तराजू केव्हाचा शून्यावर आलाय
आणि मी अजून
श्वास सोडलेला नाही.